दोन सह्यांची पाटी

पामर्स्टन नॉर्थमध्ये तुकाराम सोनटक्केला ओळखत नाही असा कुत्रा सापडणं कठीण. गावातल्या निम्म्या कुत्र्यांच्या गळ्यात जो पितळी बिल्ला असतो, त्यावरचं नाव आणि मालकाचा फोन नंबर तुकारामने कोरलेला असतो. उरलेल्या निम्म्यांचे मालक बिल्ला ऑनलाइन मागवतात आणि सहा महिन्यांत अक्षरं पुसली, की खाली मान घालून तुकारामच्याच दुकानाची पायरी चढतात. तो काही बोलत नाही. फक्त जुना बिल्ला उजेडाकडे धरून जरा जास्तच वेळ बघतो.

दुकान लहान आहे. पुढच्या काचेत रग्बीचे कप, हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्स नावाच्या खेळाच्या ढाली आणि 'वर्षातील सर्वोत्तम मेंढी' असं लिहिलेलं एक पदक. मागे कोरायचं मशीन, आणि भिंतीवर एक पाटी: 'संस्थेच्या कामाला दोन सह्या. अपवाद नाही.'

तुकाराम इथे आला फूड टेक्नॉलॉजी शिकायला. दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात मोठा साहेब व्हायचं ठरलं होतं. शिकता शिकता ब्रायन नावाच्या म्हाताऱ्याच्या या दुकानात झाडलोट आणि पॉलिश करायला लागला, आणि एके दिवशी ब्रायनने त्याच्या हातात कोरायची सुई दिली. झालं. डिग्री घेतली, ती फ्रेम करून विनिताने हॉलमध्ये लावली, आणि नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन दुकानात गेला तो गेलाच. ब्रायन रिटायर झाला तेव्हा दुकान तुकारामकडे आलं. विनिता इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, की ती सांगते, "आमच्याकडे मी रक्त तपासते आणि हे कुत्र्यांची नावं लिहितात." तुकाराम त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसतो.

खरं म्हणजे हे काम त्याच्या घरातलंच. वडील औशाचे गोविंद पेंटर. निवडणूक आली, की गोविंद पेंटर सगळ्या पक्षांच्या भिंती रंगवायचे. सकाळी लाल बावट्याची, दुपारी लाल बावट्याला शिव्या देणाऱ्यांची, ब्रश तोच. नियम एकच: मजकूर कागदावर लिहून द्यायचा, खाली सही करायची. एकदा नुसत्या तोंडी सांगण्यावर भिंत रंगवली, आणि पडलेल्या उमेदवाराने "मी असलं बोललोच नव्हतो" म्हणून भर उन्हात ती परत पांढरी करून घेतली. तो प्रसंग घरात इतक्या वेळा सांगितला गेला, की तुकारामला चुन्याचा वास आला तरी सही आठवते.

दुसरी सही मात्र त्याची स्वतःची कमाई. एका रग्बी क्लबच्या अध्यक्षांनी सांगितलं म्हणून त्याने कपावर सर्वोत्तम खेळाडूचं नाव कोरलं. बक्षीस समारंभात सेक्रेटरी उभा राहिला आणि म्हणाला, निवड दुसऱ्याचीच झाली होती. कपावरचं नाव अध्यक्षांच्या जावयाचं निघालं. तेव्हापासून पाटी भिंतीवर आहे. पितळेवरचं खोडता येत नाही, म्हणून आधी कागदावर नमुना काढायचा, त्यावर अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांनी सही करायची, मगच सुई टेकणार.

मार्चमधल्या एका मंगळवारी इलोना दुकानात आली. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, अंगात स्वतः शिवलेला कोट. गावातल्या तीन पिढ्यांच्या नवऱ्या मुलींचे झगे तिने शिवलेले. ती मूळची हंगेरीची, बुडापेस्टची. तिथल्या समाजवादी सरकारविरुद्ध छप्पन साली लोक उठले, रशियाचे रणगाडे आले, आणि चौदा वर्षांची इलोना आईचा हात धरून सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आणि तिथून जहाजाने इथे आली. या ऑक्टोबरात त्याला सत्तर वर्षं होणार होती.

"बाक आहे," ती म्हणाली. "नदीच्या पायवाटेवर. कौन्सिलने परवानगी दिली आहे. त्यावर पाटी हवी. माझ्या भावाची."

भाऊ गाबोर. बुडापेस्टमधल्या चेपेलच्या लोखंडाच्या कारखान्यात शिकाऊ कामगार. त्या नोव्हेंबरात गेला, वय सतरा. आधी एका बागेत पुरला, मग सरकारने तिथली प्रेतं हलवली आणि कुठे नेली ते कुणाला सांगितलं नाही.

"म्हणजे त्याचं नाव जगात कुठेच लिहिलेलं नाही," इलोना म्हणाली. डोळ्यांत पाणी वगैरे नाही. झग्याचं माप सांगावं तसं. "मी गेले, की नाव घेणारंही कुणी नाही. म्हणून पितळ जाड घे."

तिने मजकूर लिहून आणला होता: 'गाबोर केलेमेन. देव आणि मायभूमीसाठी, समाजवादी जुलमाविरुद्ध लढताना मरण पावला.'

"छान," तुकाराम म्हणाला. "परवानगी कुणाच्या नावावर आहे, आजी?" आजी म्हणजे काय हे त्याने तिला एकदा झिप दुरुस्त करायला गेला असताना सांगितलं होतं. तेव्हापासून मिसेस म्हटलेलं तिला चालत नसे.

"आमच्या हंगेरियन मंडळाच्या."

"मग अध्यक्षांची सही लागेल."

"अध्यक्ष मीच."

"आणि सेक्रेटरींची."

इलोनाने भिंतीवरची पाटी वाचली. पुन्हा वाचली. "त्या गाढवाची?" ती म्हणाली.

मंडळात एके काळी चाळीस माणसं होती. गुलाशचा मटणरस्सा, नाच, नाताळ. आता दोनच उरली होती: एक अध्यक्ष आणि एक सेक्रेटरी. दोघं दर महिन्याला सभा घेत, इतिवृत्त लिहीत, आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करण्यावरून भांडत. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत दोन वर्षं काढलेल्या तुकारामला यात काहीच नवल वाटलं नाही.

गुरुवारी सेक्रेटरी हजर झाले. फेरेन्त्स, एकोणनव्वद वर्षांचा, लाँगबर्नच्या मीट वर्क्समध्ये, म्हणजे मांसाच्या कारखान्यात, आयुष्य घालवलेला, पंजा अजूनही फावड्याएवढा. "सगळे फेरी म्हणतात, तूही म्हण," तो म्हणाला. बापाहून मोठ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायला औशाची जीभ वळेना. शेवटी फेरीकाका ठरलं.

फेरीकाकांनी इलोनाचा नमुना वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"देव?" ते म्हणाले. "मी होतो तिथे. गाबोर आणि मी एका लेथवर काम करत होतो. आम्ही कामगारांची समिती निवडली होती, हात वर करून. कारखाना कामगारांचा, मॉस्कोचा नाही, आणि परत येणाऱ्या जुन्या मालकाचाही नाही. आम्हाला समाजवाद नको नव्हता, बाबा. आम्हाला तो हवा होता! जो मिळाला तो खोटा होता, म्हणून तर उठलो."

आणि खिशातून स्वतःचा कागद काढला: 'गाबोर केलेमेन. खोट्या समाजवादाविरुद्ध, कामगारांच्या खऱ्या सत्तेसाठी लढताना मरण पावला.'

तर असं हे भांडण होतं, आणि ते सत्तर वर्षांचं होतं. तिकडच्या सरकारने तीसेक वर्षं त्या उठावाला प्रतिक्रांती म्हटलं, मग एका वर्षी एकदम लोकांचा उठाव म्हटलं. पुढे जो पक्ष आला त्याने त्यात आपलंच बी पेरलेलं होतं असं सांगितलं. प्रोफेसरांनी जाड पुस्तकं लिहिली. हा सगळा वाद पामर्स्टन नॉर्थमध्ये दोन माणसांनी, एका गुलाशच्या पातेल्याभोवती, एकही मुद्दा न सोडता चालवला होता. बाकीचे अडतीस मेले, काही तर त्याला कंटाळूनच, असं विनिताचं मत.

तुकारामने तोडगा काढून बघितला. 'स्वातंत्र्यासाठी' असं लिहू या का? छोटा शब्द, पितळेवर दिसतोही छान.

"कशापासून स्वातंत्र्य?" इलोना मंगळवारी म्हणाली. "माणूस मेला म्हणायचं आणि कशाने ते सांगायचं नाही, तसं झालं हे."

"तो शब्द जो येतो तो वापरतो," फेरीकाका गुरुवारी म्हणाले. "रणगाड्यावर बसून आले त्यांनीही वापरला होता."

एवढ्या वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती तुकारामच्या विरोधात होती.

नमुने वाढत गेले. मेमध्ये सातवा झाला, जुलैत अकरावा. मंगळवारी अध्यक्ष, गुरुवारी सेक्रेटरी. दोघांनाही तुकारामच्या आल्याच्या चहाची सवय लागली आणि दोघंही दुसऱ्याने बिस्किटं किती खाल्ली ते विचारू लागले. दर वेळी एखादा शब्द सरके. 'जुलूम'ऐवजी 'राजवट', 'सत्ता'ऐवजी 'हक्क'. अकराव्या नमुन्यावर एकदा सही होता होता राहिली. पेन कागदाला टेकलं होतं, पण इलोनाला 'कामगार' शब्द 'मायभूमी'च्या आधी दिसला.

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, जिथे प्रत्येक जण घरून एक पदार्थ आणतो, तुकारामने सहज हा विषय काढला आणि लगेच पस्तावला. मकरंद पुण्याचा, आयटीतला, कधीच कुठल्या विषयात मागे नसतो. "अरे, सिंपल आहे," तो पुरी मोडत म्हणाला, "सगळं बाहेरच्या रेडिओने पेटवलेलं. मी व्हिडिओ बघितलाय." नीता म्हणाली, भाकरी महाग झाली की लोक उठतातच, त्याला वाद कशाला हवा. देवव्रत म्हणाला, विद्यार्थ्यांनी सुरू केलं, कामगार नंतर आले. कुणीतरी आपल्याकडच्या संयुक्त महाराष्ट्राच्या वेळचं काढलं, मग तिथे कोण खरं लढलं यावरून दोन टेबलं वेगळी झाली. पाऊण तासाने प्रमोदने हळूच विचारलं, "हंगेरी म्हणजे ऑस्ट्रियाच्या डाव्या बाजूला ना?" कुणालाच नक्की सांगता येईना.

घरी जाताना गाडीत मुलगी, अबोली, मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, यू मेक डॉग टॅग्स. व्हाय आर यू डूइंग हिस्टरी?"

"मी कुठे करतोय? मी फक्त सही मागतोय," तुकाराम म्हणाला.

"तेच तर," विनिता म्हणाली. "एक सही घे आणि कोरून टाक ना. त्या आजीचा सख्खा भाऊ. कोण विचारणार आहे?"

तुकाराम गाडी चालवत राहिला. डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या. या गावात वारा कधी रजा घेत नाही. "काका विचारतील," तो शेवटी म्हणाला. "रोज फिरायला जातात त्या वाटेने. रोज वाचतील."

ऑगस्टच्या शेवटी कौन्सिलचं पत्र आलं. भाषा गोड होती, अर्थ कडू. पाटीचा मंजूर मजकूर सप्टेंबरअखेर आला नाही तर बाक यादीतल्या पुढच्या अर्जदाराला जाईल. पुढचा अर्जदार बदकांना खाऊ घालणारा एक क्लब होता.

इलोना ते पत्र घेऊन आली तेव्हा पहिल्यांदाच खुर्चीवर टेकून बसली. "बदकं," एवढंच म्हणाली. चहा निवला तरी तिने हात लावला नाही. जाताना दारात थांबली. "तुकाराम, तुझ्या नियमात खरंच अपवाद नाही?"

त्याने भिंतीकडे बघितलं. त्या दिवशी ती पाटी काढून मशीनमागे टाकावी असं त्याला फार वाटलं. सुई तयार होती, जाड पितळेचा पत्रा कापून ठेवलेला होता, मजकूर तोंडपाठ होता. वीस मिनिटांचं काम. "दोन दिवस द्या, आजी," तो म्हणाला.

गुरुवारी फेरीकाका आले नाहीत. संध्याकाळी विनिता घरी आली ती चपला न काढताच म्हणाली, "तुझे सेक्रेटरी वॉर्डात आहेत. बागेत पडले, खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. ठीक आहेत, नर्सशी भांडतायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला तुकाराम गेला. पिशवीत संत्री आणि, सवयीने, नमुन्यांची फाईल. उशीवर फेरीकाका अचानक लहान दिसत होते. पंजा तेवढा चादरीवर पूर्वीसारखाच पसरलेला.

"त्यांनी विचारलं, तुमच्या जवळचं कोण?" ते म्हणाले. "फॉर्म भरायचा असतो. बायको गेली. पोरगं झालं नाही. मी इलोनाचं नाव दिलं. दुसरं नाव आठवेचना." त्यांनी फाईलकडे बोट दाखवलं. "तिचा कागद आहे तुझ्याकडे? देवाचा?"

तुकारामने पहिला नमुना काढला.

"पेन दे. तो तिचा भाऊ होता. माझा नुसता दोस्त. बदकांना नाही द्यायचा तो बाक." आणि सेक्रेटरीच्या जागी ठसठशीत सही केली. "तिला सांगू नकोस मी रडलो म्हणून."

"तुम्ही कुठे रडलात?"

"सांगू नकोस म्हटलं ना!"

तुकाराम हवेत चालल्यासारखा दुकानात परतला. दारातच इलोना उभी. कोटाची बटणं वरखाली लागलेली. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत ही फारच गंभीर गोष्ट.

"काल हॉस्पिटलमधून फोन होता," ती म्हणाली. "त्या गाढवाने जवळचं माणूस म्हणून माझं नाव दिलंय. माझं! मी रात्रभर बसून विचार केला. हे घे." तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. फेरीकाकांचा मजकूर, खऱ्या सत्तेचा. खाली अध्यक्षांच्या जागी तिची सही. "तो तिथे होता. मी नव्हते. तो जाण्याआधी त्याला त्याची पाटी वाचू दे."

तुकारामने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर सेक्रेटरीची सही, अध्यक्षांची नाही. दुसऱ्यावर अध्यक्षांची सही, सेक्रेटरीची नाही. सहा महिने राबून हाती दोन सह्या आल्या होत्या आणि नियमाप्रमाणे दोन्ही कागद रद्दी होते.

तो हसायला लागला. इलोनाला कळेना, मग कळलं, आणि ती जी चिडली! "त्याने माझ्या कागदावर सही केली? दया दाखवतो मला? चल, गाडी काढ."

वॉर्डात शिरल्या शिरल्या तिने कागद पलंगावर आपटला. "फेरी, हे काय आहे?"

"तुला हवं होतं ते," फेरीकाका म्हणाले. मग तुकारामने दुसरा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, आणि तेही भडकले. "इलुश्का, तुला वेड लागलंय? हे तुला पटत नाही!"

"आणि ते तुला पटतं?"

"नाही पटत! पण तेच लिहा."

"मुळीच नाही. तुझंच लिहायचं."

शेजारच्या पलंगावरच्या माओरी गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि खुशीत उशी सरळ केली. इतका वेळ दोघं तुकारामसाठी इंग्रजीत भांडत होते, आता हंगेरियन सुरू झालं. त्यातला 'नेम' म्हणजे 'नाही' एवढाच एक शब्द तुकारामला येत होता, आणि तो पुष्कळ वेळा आला. मग इलोना मध्येच थांबली. इंग्रजीत, तुकारामकडे न बघता, म्हणाली,

"समितीची दंडाला बांधायची पट्टी मी शिवली होती."

"कुठली पट्टी?" फेरीकाका म्हणाले.

"त्याची. तो समितीचे निरोप पोचवायचा ना, म्हणून. उड्या मारत घरी आला, मला म्हणाला, इलुश, तुला शिवता येतं ना? मी आईच्या उशीच्या अभ्र्यातून कापली. आयुष्यात शिवलेली पहिली वस्तू. आईला कळलं तेव्हा तिने मला मारलं. म्हणाली, माझा मुलगा देवासाठी गेला, त्या समितीसाठी नाही, हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. मी काढलं नाही." तिने कोटाची बटणं चाचपली. "तो त्या पट्टीवर फार खूश होता, फेरी. इतका खूश मी त्याला कधीच बघितला नव्हता. तुझा मजकूर खरा आहे."

फेरीकाकांनी चष्मा काढून चादरीवर ठेवला. मग म्हणाले, "शिवण वाकडी होती."

"मी चौदा वर्षांची होते!"

"ती पट्टी मला आठवते. वाकडी होती." त्यांनी कागद बाजूला सारला. "तो फाटकाबाहेर पडला तेव्हा मी तिथे होतो. बाहेर पडण्याआधी त्याने छातीवर क्रॉसची खूण केली. कपाळ, छाती, हा खांदा, तो खांदा. सावकाश, घाई असूनही. मी हसलो. म्हणालो, अरे, देव आपल्या समितीचा सभासद नाहीये. तो म्हणाला, मग करून घ्या. आणि गेला. एवढंच शेवटचं बोलणं." पंजा चादरीवर मिटला. "मी हसलो होतो, इलुश्का. सत्तर वर्षं तुला सांगतोय त्याला देव नको होता, कारण हसलो होतो हे सांगायचं नव्हतं."

इलोना पलंगाच्या कडेवर बसली. तिने त्यांचा हात धरला नाही. तसली ती नाही. फक्त चादरीची सुरकुती ओढून सरळ केली, मग दुसरी.

तुकाराम या सगळ्या वेळात काय करत होता? लिहीत होता. गोविंद पेंटरचा मुलगा. समोरचा माणूस बोलायला लागला, की याचा हात आपोआप कागद शोधतो. नमुन्याच्या पाठीवर त्याने चार ओळी उतरवल्या होत्या. कशासाठी, कशाविरुद्ध, काही नव्हतं. फक्त घडलं तेवढं. त्याने ते वाचून दाखवलं:

'गाबोर केलेमेन, वय सतरा. चेपेल, नोव्हेंबर १९५६. बहिणीने शिवलेली समितीची पट्टी दंडाला बांधून, छातीवर क्रॉसची खूण करून, तो फाटकाबाहेर पडला.'

इलोनाने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मग फेरीकाका म्हणाले, "पट्टी आधी?"

"वेळेप्रमाणे," तुकाराम म्हणाला. "पट्टी आधीच बांधलेली होती, खूण नंतर केली. मी काही केलेलं नाही."

"'वाकडी' घालता येईल?"

"फेरी!"

"बरं, बरं."

आधी सही कुणी करायची यावर आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी अध्यक्ष म्हणून इलोनाने केली, आणि सेक्रेटरींनी तिच्या सहीखाली तारीख घातली, कारण तारखा तिच्याकडून नेहमी चुकतात. माओरी गृहस्थ म्हणाले, "का पाई!" म्हणजे उत्तम. तुकारामला वाटलं, यांचीही सही घ्यावी. पण नियम दोनचाच होता.

पाटी कोरायला त्याला वीस मिनिटं नाही, पूर्ण दुपार लागली. दुकानाला कुलूप लावून घेतलं होतं. 'बहिणीने शिवलेली' ही अक्षरं कोरताना त्याने मशीनचा वेग कमी केला. कारण विचारलं असतं तर पितळ जाड आहे म्हणून असं त्याने सांगितलं असतं.

बाक बसवायच्या तारखेवरूनही व्हायचं ते झालंच. उठावाचा दिवस तेवीस ऑक्टोबर, इलोनाला तोच हवा होता, शुक्रवार. फेरीकाकांना त्यापुढचा सोमवार हवा होता, कारण त्या दिवशी न्यूझीलंडचा कामगार दिन. पण सोमवारी कौन्सिलची माणसं कामावर नसतात असं कळलं. "कामगार दिनाला कामगारांना सुट्टी," फेरीकाका म्हणाले. "हे तत्त्व मला मान्य करावंच लागेल." शुक्रवार ठरला.

त्या दिवशी ऊन होतं आणि नेहमीचा वारा. कौन्सिलच्या दोन माणसांनी बाक रोवला, पाटीचे चार स्क्रू तुकारामने स्वतः आवळले. विनिता अर्धी रजा टाकून आली होती. अबोलीला शाळेने मराठी कार्यक्रम म्हणून सोडलं. तिने हंगेरी म्हटलंच नव्हतं. फेरीकाका वॉकर ढकलत आले, इलोना शेजारी, त्यांच्यापेक्षा हळू चालता येईल इतकी हळू. दोघांनी पाटी वाचली. इलोनाने बोटाने अक्षरांची खोली तपासली, कापडाचा पोत बघावा तशी, आणि मान हलवली.

मग दोघं बाकावर टेकून बसले. पाटी नेमकी त्यांच्या पाठींमागे झाकली गेली.

तुकारामला दुकानाच्या भिंतीसाठी पाटीचा फोटो हवा होता. तो फोन हातात घेऊन उभा राहिला. दोघं नदीकडे बघत हंगेरियनमध्ये काहीतरी बोलत होते, आवाज चढत होता, 'नेम' येऊ लागला होता. उठायचं चिन्ह नव्हतं.

"काय चाललंय आता?" विनिताने विचारलं.

तुकारामने जाऊन विचारलं. "बाकाचं तोंड नदीकडे हवं होतं की वाटेकडे," फेरीकाका म्हणाले. "ही चुकते आहे."

तुकारामने फोन खिशात घातला आणि पिशवीतून चहाचा थर्मास काढला. इलोनाने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बाकाच्या टोकाला त्याच्यापुरती जागा केली.